मास्तराला वर्गांत राहूं द्या!

[येवलें येथें पालकांच्या सभेंत जिल्हा परिषदेच्या एका मुख्याध्यापकांनीं केलेलें भाषण]



शाळा सुधारावयाची तर काय करावें, असें आपण मला विचारलेंत. आम्हां मुख्याध्यापकांना हुकूम रोज येतात. मत क्वचितच विचारलें जातें. म्हणून स्पष्ट बोलतों.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें रयतेचें गाऱ्हाणें मांडलें. पैसा रयतेचा, शिक्षण वरच्यांचें, हा अन्याय दाखवून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांनीं मागणी केली. खेड्यांतील मास्तराकडे दस्तनोंदणी, टपाल, स्टांपविक्री अशीं कामें द्यावीं, असेंही त्यांनीं सुचविलें. कशासाठीं? गांवांत त्याचा मान वाढावा, त्याच्या शब्दाला वजन यावें म्हणून!

आज कामें आलीं, मान मात्र गेला. खिचडीचा तांदूळ मोजा, आधार कार्डें जुळवा, मोबाइलवर माहिती भरा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २७ वें कलम सांगतें कीं, जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणाबाहेरचें काम देऊं नये. पण त्याच कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत १५० वर मुलें असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक! लहान शाळेंत मुख्याध्यापक तोच, वर्गशिक्षक तोच, कारकूनही तोच. माझ्या शाळेंत आम्ही दोघेच. मी माहिती भरावयास बसलों कीं माझे दोन वर्ग कोऱ्या फळ्याकडे पाहत बसतात.

मग तुम्ही मूल काढून, कर्ज काढून, खासगी शाळेंत घालतां. पट घटतो. पट घटला म्हणून मास्तर घटतो. २०२३ सालीं तर वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारनें पुढें आणला. मोठ्या शाळेंत सोबती अधिक, सोयी अधिक, हें मी नाकारीत नाहीं. पण वाडीवरच्या पोरीची गाडी चुकली कीं तिची शाळाच चुकली! कांदे काढावयास आणि पैठणीच्या मागावर हात नेहमींच हवे असतात. एकदां घरीं बसलेली पोर परत कोण आणणार?

आमचें मागणें थोडें आहे. प्रत्येक वर्गाला शिक्षक द्या, चार-पांच शाळांमिळून एक कारकून द्या, आणि वाडीवरची शाळा मोडण्यापूर्वीं तिचा पट कां घटला तें तपासा.

आतां तुमचें काम. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. बैठकींत सह्या होतात. प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पुढच्या बैठकीला या आणि एकच विचारा : माझ्या मुलाला वाचतां येतें काय? मी उत्तर चुकविलें तर मला धरा. मग आपण मिळून वरच्यांना धरूं.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच येवल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला. आपण आपल्याच शाळेला विचारावयास कां कचरावें?