अपघात घडतो रस्त्यावर, ठरतो अंगणात



खत, बियाणं, करपा, खोडकिडा यांविषयी या कार्यक्रमात आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते रस्त्यावरच्या अपघातांविषयी. तुम्ही म्हणाल, हा विषय पोलिसांचा आणि आरटीओचा. शेतीच्या कार्यक्रमात तो कशाला? तर त्याचं उत्तर साधं आहे. पीक बुडालं तर एक हंगाम जातो. पण घरातला कर्ता माणूस रस्त्यावर गेला, किंवा हातापायानं अधू होऊन अंथरुणाला खिळला, तर पुढचे सगळेच हंगाम जातात. बैलजोडी विकावी लागते, मुलांची शाळा सुटते आणि शेवटी जमिनीवर येतं.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर ४ लाख ६१ हजार अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार माणसं गेली. म्हणजे रोज ४६० माणसं. महाराष्ट्रातच १५ हजारांवर गेली. देशात मेलेल्या दर शंभरांत ४४ जण दुचाकीवरचे होते. म्हणजे बाजाराला, दवाखान्याला, सोसायटीत जाणारे तुमच्या-आमच्यासारखेच.

आपल्या खारजमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-३ या भाताच्या जाती ज्यानं दिल्या, त्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी २८ जुलै २०१८ रोजी सहलीला महाबळेश्वरकडे निघाले होते. पोलादपूरच्या आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. ३० जण एका दिवसात गेले, एकच वाचला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. मग या ठेचांतून आपण काय शिकायचं?

खारेपाटातला शेतकरी उधाणाची भरती आल्यावर बांध बघायला धावत नाही. तो आधीच बांधावरून फिरतो, खेकड्याचं बीळ दिसलं की तिथंच चिखल ठोकतो. पूर्वी गावोगाव जोळ पद्धतीनं सगळे मिळून बांध राखायचे, ते याचसाठी. एकदा खांड गेली की मग सारा गाव उतरला तरी खारं पाणी शेतात शिरतंच. अपघाताचंही तसंच आहे. तो घडतो रस्त्यावर, पण बहुतेक वेळा ठरतो आपल्या अंगणात, गाडी बाहेर काढण्याआधी. त्याला नशीब म्हणून सोडून देऊ नका.

आता आपला रस्ता कसा आहे ते पाहा. एके काळी मुंबईच्या बोटी धरमतरला लागत आणि पुढं बैलगाडीचा प्रवास. आज वडखळहून धरमतरच्या पुलावरून पोयनाड-अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराची आणि पोलाद कारखान्याची अवजड वाहनं आहेत, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी आहेत, गणपतीत चाकरमानी आहेत. तिकडे नागोठणे, कोलाड, रोहा बाजूला धाटावच्या कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा दुचाक्यांची रांग लागते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं; तेवढी वर्षं खड्डे, वळणरस्ते आणि अर्धवट पूल लोकांनी सोसले. रस्ता बांधणाऱ्यांची जबाबदारी त्यांची आहे आणि ती मागितलीच पाहिजे. पण तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू या.

पहिली गोष्ट, दिसणं. संध्याकाळी पेंढा भरून निघालेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसतच नाही. पेंढा दोन्ही बाजूंनी लोंबतो आणि मागचा दिवा झाकून टाकतो. अंधारात ६० किलोमीटर वेगानं येणारा दुचाकीवाला एका सेकंदात साडेसोळा मीटर अंतर कापतो. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. गाडी थांबायला त्यापुढं आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात, आणि पावसात त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून ट्रॉलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना चमकणारी लाल पट्टी लावा. खर्च थोडा, पण ती जीव वाचवते. माल दिव्याच्या वर राहील असा भरा. बैलगाडीलाही मागं अशी पट्टी मारा. अंधारात पायी निघताना हातात बॅटरी घ्या, आणि उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

गाडी बंद पडली तर शक्य तितकी कडेला घ्या. आपल्याकडे मागं दगड मांडायची रीत आहे. पण गाडी दुरुस्त झाली की आपण निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. रात्री त्याच दगडांवर दुसऱ्याचा मुलगा पडतो. दगड मांडलेत, तर उचलूनच निघा.

दुसरी गोष्ट, चिखल. चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून डांबरावर येतो आणि चाकांचा चिखल लादीच्या लादी रस्त्यावर पडतो. त्यावर पावसाची सर आली की दुचाकी घसरलीच म्हणून समजा. बांधावर दोन मिनिटं थांबून फावड्यानं चाकं खरवडा. चिखलणीची लोखंडी चाकं लावून डांबरी रस्त्यावर जाऊच नका. भात, वाल, पेंढा रस्त्यावर वाळत घालू नका. पावसाळ्यात गुरं उबेला डांबरावर बसतात, म्हणून संध्याकाळी ती मोजून गोठ्यात घ्या. मोटारीखाली गुरू गेलं तर नुकसान आपलं, आणि मोटारीतला माणूस गेला तर तेही पाप आपल्याच निष्काळजीपणाचं.

तिसरी गोष्ट, कोण बसणार. शेतीच्या ट्रॅक्टरवर फक्त चालकाला बसायची परवानगी असते. चाकावरच्या पत्र्यावर बसलेलं पोर एका खड्ड्याला खाली येतं आणि मागच्या चाकाखाली सापडतं. लावणीच्या बाया, जत्रेची माणसं, लग्नाचं वऱ्हाड ट्रॉलीत किंवा मालाच्या टेंपोत भरून नेऊ नका. एसटी किंवा प्रवासी गाडी करा. भाडं जास्त पडतं खरं. पण ट्रॉली उलटली तर एकाच गावात एका दिवशी दहा चुली विझतात. मोटारीत बसलात तर मागच्या सीटवर असलात तरी पट्टा लावा.

चौथी गोष्ट, कोण चालवणार. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर देणं हे कौतुक नव्हे. त्यानं अपघात केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. हळदीच्या रात्री किंवा पालखीच्या वेळी ज्यानं घेतली आहे, त्याच्या हातून किल्ली काढून घ्या. त्या रात्री तो रागावेल, सकाळी त्याची आई तुमचे पाय धरील. आणि झोपेचं काय? १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोली इथं ट्रक आणि मोटार समोरासमोर आदळून अनेक जण ठार झाले. त्या अपघाताचं कारण शोधणं तपासाचं काम. पण पहाटेची वेळ डोळ्यांना वैरीण असते, हे रात्री पाण्यावर राखणीला बसणाऱ्याला सांगायला नको. मुंबईला भाजी, कांदा घेऊन रात्री निघत असाल तर दुपारी झोप काढा. डोळा लागतोय असं वाटलं की गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन घटकाभर पडा. बाजार तासभर उशिरा मिळाला तर दोन रुपये कमी येतील, तेवढंच.

पाचवी गोष्ट, डोकं. हेल्मेट चांगलं असेल आणि पट्टा बांधलेला असेल, तर मरणाचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो. हँडलला टांगलेलं हेल्मेट हँडललाच वाचवतं! मागं बसणाऱ्या घरधनिणीलाही हेल्मेट हवं. साडीचा पदर आणि ओढणी चाकापासून दूर खोचून घ्यावी.

रस्त्यावर आल्यावर मात्र एकच मोठा मोह असतो, तो म्हणजे उलट्या बाजूनं जाण्याचा. दुपदरी रस्त्याचा चौपदरी झाला की मध्ये दुभाजक येतो. शेत पलीकडे आणि वळायची जागा लांब, मग आपण म्हणतो, एवढंसं तर जायचं आहे. समोरून येणाऱ्या गाडीवानाला मात्र त्या बाजूला कोणी येईल असं स्वप्नातही नसतं. डिझेल थोडं जास्त जाळा, पण सरळ बाजूनंच जा. वळणासाठी गावाजवळ सोय हवी असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव करून रस्ते खात्याकडे मागणी लावून धरा. तसंच पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि कलिंगडं विकायला बसणाऱ्या बहिणींनी वळणावर, पुलाच्या तोंडाशी बसू नये. गिऱ्हाइकाची मोटार पूर्ण डांबराखाली उतरेल अशी मोकळी जागा पाहून बसावं.

आता अपघात झालाच, तर काय करायचं? आधी १०८ ला फोन करा; जागा नीट सांगा, जवळचा पूल, फाटा, किलोमीटरचा दगड. जखमीला हातपाय धरून उचलू नका, मान वाकडी होऊ देऊ नका. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून पुष्कळ लोक पाहून पुढं जातात. ही भीती सोडा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम आता मोटार वाहन कायद्यात आहे. तुमची इच्छा नसेल तर नाव-पत्ता देण्याचीही सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. रुग्णालयात तसं विचारा.

दुसरं, "जाऊ दे, आपसात मिटवू" असं करू नका. पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही, तर पुढं भरपाई मिळणं अवघड होतं. ठोकर देऊन गाडी पळाली आणि ती सापडली नाही, तरी केंद्राच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी तहसील कचेरीत चौकशी करावी. गाडी सापडली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा लावावा.

आपल्यासाठी राज्याची आणखी एक योजना आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. ग्रामविकास मंत्री मुंडे स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातातच गेले. १० ते ७५ वर्षे वयाच्या खातेदार शेतकऱ्याला आणि कुटुंबातल्या एका व्यक्तीला तिचा आधार आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक लाख रुपये. सातबारा, पोलीस पंचनामा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, वारसाचे कागद जोडून तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. दारूच्या अंमलाखाली झालेल्या अपघाताला हे पैसे मिळत नाहीत. आणि मेलेला स्वतः गाडी चालवत असेल, तर त्याचं लायसन लागतं.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडीचा विमा. समजा, विमा संपलेल्या आपल्या ट्रॅक्टरखाली वाटसरू गेला. न्यायाधिकरण त्याच्या घरच्यांना भरपाई मंजूर करील, आणि ती मालकाला स्वतःच्या पदरची भरावी लागेल. नाही भरली तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणजे ट्रॅक्टर ज्या शेतासाठी घेतला, तेच शेत पणाला लागतं. म्हणून विम्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा.

बंधू-भगिनींनो, हे पत्रक वाचून ठेवून देऊ नका. उद्या गाडी काढण्याआधी अंगणात एवढं पाहा:

१) पुढचा-मागचा दिवा लागतो का? ब्रेक लागतो का?
२) ट्रॉलीला, गाडीला चमकणारी पट्टी आहे का?
३) चाकांचा चिखल काढला का?
४) चालवणाऱ्याजवळ लायसन आहे का? तो शुद्धीवर आणि झोप झालेला आहे का?
५) ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसं बसलेली नाहीत ना?
६) डोक्यावर हेल्मेट, पट्टा बांधून?
७) विमा चालू आहे का?

या सात प्रश्नांना दोन मिनिटं पुरतात. उधाणाआधी बांध पाहणाऱ्या माणसाला हे काम काही नवं नाही.