कपाटावरचा खोका

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात सेलू येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून निकाल, टक्केवारी आणि शिस्त यांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मला मात्र एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याची परवानगी असावी. ही वस्तू आपल्यापैकी काही घरांत कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असते. विमानाची, जहाजाची किंवा मोटारीची छोटी प्रतिकृती जोडण्याचा संच, ज्याला मुले किट म्हणतात. कुणाचे चाचा सौदीहून येताना आणतात, कुणाचे मामू मुंबईहून. आल्या दिवशी सारे घर तो खोका हातात घेऊन बघते. झाकणावरचे चित्र इतके देखणे असते की उघडायचा धीर होत नाही. मग आतून आवाज येतो, ‘अभी नको, तोड डालेगा. दसवी होने दे.’ आणि खोका कपाटावर जातो.

हे संच मुळात आले कोठून, ते थोडक्यात सांगतो. 1949 साली इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरचे एक छोटे प्लास्टिकचे रूप तयार केले. ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी ते गिऱ्हाइकाला दाखवावे, एवढाच त्याचा उपयोग. (फर्ग्युसन हे नाव आपल्या भागातील शेतकऱ्याला नवे नाही.) पुढे तोच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकायला निघाला, कारण जोडणीची मजुरी वाचली की किंमत उतरते. 1952 साली ‘गोल्डन हाइंड’ या जुन्या इंग्रजी जहाजाचा स्वस्त संच आला आणि मग विमानांची रांगच लागली. गंमत अशी की, जोडण्याचे काम गिऱ्हाइकावर टाकले ते स्वस्ताईसाठी. पण गिऱ्हाइकाला गोडी लागली ती त्या कामाचीच.

विमानांच्या संचांत 1:72 हे प्रमाण फार चालते. म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. बहात्तर इंच म्हणजे सहा फूट, म्हणून सहा फुटांचा वैमानिक या संचात बरोबर एक इंचाचा होतो. छोट्या रेल्वेचे जगभर चालणारे एक प्रमाण 1:87 आहे. आपल्या स्टेशनवरून जाणारा नव्या धाटणीचा डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो. त्याला 87 ने भागा. सत्तावीस सेंटिमीटर येतात, म्हणजे जवळजवळ आपली फूटपट्टी. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा फळ्यावर शिकवताना जांभया देणारी मुले हा हिशोब ऐकून सरळ बसतात. मी स्वतः भाषेचा शिक्षक आहे, गणिताचा नव्हे. तरी हे पाहिलेले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. खोका न उघडणे हा केवळ आपल्याकडच्या काटकसरी घरांचा स्वभाव आहे असे समजू नका. ज्या देशांत हा छंद मोठा आहे, तेथील हौशी मंडळींच्या घरी न जोडलेल्या संचांच्या थप्प्या असतात. पन्नास, शंभर, दोनशे. पुस्तके विकत घेऊन न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत ‘त्सुंदोकु’ असा खास शब्द आहे. त्याच धर्तीवर न जोडलेल्या संचांच्या ढिगालाही तेथे शब्द आहे. इंग्रजी बोलणारे छंदिष्ट तर आपल्याच साठ्याची थट्टा करतात, की एवढे जोडायला हा जन्म पुरायचा नाही. ही माणसे आळशी नसतात. त्यातील कित्येक जण दिवसभर कष्टाची नोकरी करून रात्री संचांच्या याद्या वाचत बसतात.

मग जोडत का नाहीत? एक कारण व्यवहाराचे आहे. संच छापला जातो तसा बंदही होतो, म्हणून मिळेल तेव्हा घेऊन ठेवावा असे वाटते. पण खरे कारण निराळे आहे. बंद खोक्यातले विमान कधी बिघडत नाही. त्याचा पंख वाकडा बसत नाही, काचेवर गोंदाचे बोट उमटत नाही, रंगाचा ओघळ येत नाही. चौकटीतून पहिला तुकडा कापला, की तुमचे विमान आणि झाकणावरचे विमान यांत फरक पडू लागतो. म्हणून माणूस म्हणतो, आधी चांगली पकड घेऊ, चांगला ब्रश घेऊ, हात बसू दे, मग हा भारीतला संच काढू. आणि हात तर जोडल्याशिवाय बसत नाही! माझ्या घरी अर्धा विणलेला एक स्वेटर आहे, त्याचीही कथा हीच आहे. पण तो विषय येथे काढल्यास मला घरी उत्तर द्यावे लागेल.

दुसरी गोष्ट पालकांनी नीट ऐकावी. ठेवलेला संच जसाच्या तसा राहत नाही. विमानावर चिकटवायच्या चिन्हांचा कागद पिवळा पडतो, पाण्यात टाकताच त्या चिन्हांचे तुकडे होतात. गोंदाची नळी आतल्या आत वाळते. रबरी चाके कडक होतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरातल्या कपाटावर काय होत असेल, ते सांगायला नको. आणि समजा संच टिकला, तरी ज्याच्यासाठी आणला तो मुलगा टिकत नाही. तो मोठा होतो. माझ्या वर्गातील एका मुलासाठी पाचवीत असताना असा संच आला होता. दहावी होईपर्यंत खोका वरच होता. दहावीनंतर घरची ओढाताण पाहून तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊ लागला. आज त्याच्या हाताला इतकी सफाई आहे की केसासारखी तार तो न तुटता गुंडाळतो. त्या विमानाचे काय झाले, असे मी विचारले. हसून म्हणाला, ‘सर, छोटे को दे दिया. अब मेरा दिल नहीं लगता.’ त्या मुलाला अकराव्या वर्षीच कळले असते की आपल्या बोटांत काय आहे, तर तो दहावीपुढे निराळ्या वाटेने गेला असता का, याचे उत्तर मजजवळ नाही. परंतु तो प्रश्न मला सोडत नाही.

आता घरालाच बोल लावून चालणार नाही. शाळांनीही हेच केले आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 पासून खडू-फळा योजना आली. प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या साहित्याची पेटी आणि लहान हत्यारांची पेटी मिळाली. हेतू अत्यंत चांगला. पण सामान आले की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते, आणि वस्तू फुटली तर जबाब द्यावा लागतो शिक्षकाला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी पेटीला कुलूप लागले आणि तपासणीच्या दिवशी ती पुसून टेबलावर मांडली गेली. नावच पाहा, डेडस्टॉक! 2016 पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या. त्यांत शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आणि त्रिमिती छपाईयंत्रापर्यंत साहित्य आहे. रक्कम वाढली, यंत्रे बदलली. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न मात्र तोच आहे. मोडण्याची भीती वाटते म्हणून न वापरलेले साहित्य आणि मोडलेले साहित्य, यांत मुलाच्या दृष्टीने काय फरक आहे ते मला कुणी सांगावे.

याउलट काही प्रतिकृती आपल्याकडे कधीच लांबणीवर पडत नाहीत. मोहरममधला ताबूत घ्या. त्याविषयी आपल्यात मतभेद आहेत, तो आजचा विषय नाही. मी केवळ कारागिरीविषयी बोलतो. ताजिया म्हणजे करबला येथील रौज्याची प्रतिकृतीच. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड, पिठाची खळ. करणारे हात हमालाचे, शिंप्याचे, मिस्त्रीचे. ‘वेळ नाही’ म्हणायला सर्वांत जास्त कारण असलेले. तरीही दहाव्या तारखेला तो उभा असतो, कारण तारीख कुणाच्या हातात नाही. पुण्या-साताऱ्याकडे हिंदू मुले दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, तोही असाच. बुरूज थोडा कललेला असतो, दरवाजापेक्षा मावळा मोठा असतो, प्रमाणाचा पत्ता नसतो. पण दिवाळीच्या दिवशी किल्ला उभा! कपाटावरच्या खोक्याला फक्त तारीख नसते.

पूर्णत्वाची ज्यांना फार काळजी आहे त्यांच्यासाठी पुण्याचे एक उदाहरण देतो. कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांना हा छंद. ऐंशीच्या दशकात त्यांनी रेल्वेसह एक आख्खे छोटे शहर तयार करून त्याची प्रदर्शने भरवली. प्रदर्शनासाठी सारे जोडायचे, संपले की सुटे करायचे, पुढच्या वेळी पुन्हा जोडायचे. वर्षानुवर्षे हे चालले, आणि मग 1998 साली ते संग्रहालय कायमचे उभे राहिले. तेथे सिग्नल पडतो, फाटक लागते, गाडी रूळ बदलते. सहल पुण्याला गेली तर शनिवारवाड्याबरोबर हेही पाहावे, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.

कुणी म्हणेल, सर, परदेशी संच आम्हाला परवडत नाही. बरोबर आहे. त्याची गरजही नाही. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीचे इंजिनिअर. 1978 साली ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि गावच्या बाजारात मिळेल त्यातून खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकात मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे एक साधन तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हवर बसते ती बारीक रबरी नळी, एवढेच. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा झाला. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोट लावताच तो कलतो. त्यात एक तिरपी काडी घाला, पुन्हा ताठ. एवढे समजले की मुलगा जिनिंगच्या शेडखाली उभा राहून वर लोखंडी कैचीकडे बघतो आणि त्यात इतके त्रिकोण का, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. आणि मुलगा म्हणताना मी मुलगीही म्हणतो. खोका आणताना आपण तो मुलासाठीच आणतो, हेही एकदा बघून घ्यावे.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवीच्या वर्गात आम्ही बसणार आहोत. रबरी नळी मी आणतो. काड्यांचे गूल घरीच मोठ्या माणसांनी काढून द्यावेत, मुलांच्या हाती नुसत्या काड्या पाठवाव्यात. ज्यांच्या कपाटावर खोका आहे त्यांनी तोही पाठवावा. कापायला नेलकटर, घासायला पॉलिश पेपर आणि खाली अंथरायला जुने वर्तमानपत्र पुरते. पंख वाकडा बसला तर मला दाखवायला आणा. गोंद वाळायला रात्र लागते, म्हणून विमाने सोमवारपर्यंत वर्गातच राहतील, आणि वर्गाला कुलूप असले तरी किल्ली शिपाईमामूंकडे असेल, मागेल त्याला मिळेल.