स्मिता पाटील : बातम्यांपासून ‘भूमिके’पर्यंत



मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी बातम्या सांगणारा एक सावळा, गंभीर चेहरा संच असलेल्या घरांत, आणि अर्थात त्यांच्या शेजाऱ्यांतही, परिचित झाला. कृष्णधवल पडद्यावर रंगांची मदत नव्हती. बोलके डोळे आणि स्वच्छ शब्दोच्चार एवढेच भांडवल. जीनवरच साडी नेसून त्या बातम्यांना बसत, असे सांगतात. श्याम बेनेगल यांच्या नजरेतून हा चेहरा सुटला नाही. ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ हे १९७५ चे चित्रपट.

‘मंथन’साठी (१९७६) गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्यातील बिंदू या शेतकऱ्यांना आपल्यातलीच वाटावी, हीच खरी कसोटी होती. पुढे ‘भूमिका’ (१९७७) आली. हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात अभिनेत्रीचे अवघे आयुष्य उभे करायचे होते आणि ते करणारी स्मिता जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती. या भूमिकेने त्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. दुसरा ‘चक्र’मधील झोपडपट्टीतल्या स्त्रीच्या भूमिकेने.

मराठी प्रेक्षकांना मात्र आठवते ती ‘उंबरठा’मधील (१९८२) सुलभा महाजन. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी हा चित्रपट केला. सुखवस्तू घर, पती आणि मुलगी सोडून सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते. आश्रमातील गैरव्यवहार तिला सोसवत नाहीत, आणि परत आल्यावर घरातली जागाही उरलेली नसते. या भूमिकेत आक्रोशाला भरपूर वाव होता. स्मिता पाटील यांनी तो जवळजवळ नाकारला. सुलभा चूक की बरोबर, हा निर्णय त्यांनी प्रेक्षकांवर सोपविला. म्हणूनच त्या काळी घरोघरी वाद झडले असावेत.

त्याच वर्षी ‘नमक हलाल’सारखे धंदेवाईक चित्रपटही त्यांनी केले. काहींना ते रुचले नाही. पण अभिनेत्रीला मोठ्या प्रेक्षकवर्गाची ओढ असणे गैर कसे? सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त त्या पुन्हा छोट्या पडद्यावर दिसल्या, दुखी चांभाराची पत्नी झुरिया म्हणून.

१९८५ साली पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत निधन. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ प्रेक्षकांनी पाहिला तो त्यानंतर, १९८७ साली. त्यातील सोनबाई अखेरच्या दृश्यात हातात विळा घेऊन उभी आहे.