ढोलाचा पट्टा

परवा आम्ही शाळेतल्या मैत्रिणी वीस वर्षांनी भेटलो आणि विषय निघाला शाळेच्या बँडचा. १५ ऑगस्टची प्रभातफेरी आठवते ना? ढोल, ताशा, बिगुल मुलांकडे. आम्हा मुलींच्या हाती लेझीम. नववीत ऐनवेळी ढोलवाला तापानं पडला. आमच्यातल्या एकीनं पट्टा गळ्यात अडकवला आणि गावभर ठेका चुकू दिला नाही. घरी मात्र मार बसला. दिवाळीनंतर तिची शाळाच सुटली.

आम्ही कुणीच तिच्या घरी गेलो नव्हतो. परवा तिच्यासमोर ते कबूल केलं. ती म्हणाली, "तेव्हा आला असतात, तर बरं झालं असतं." मग तिनंच ताटावर बोटांनी ठेका धरला. लेझमीची पावलं आम्हाला अजून येतात, गुडघे तेवढे कुरकुरले!

तिची लेक यंदा शाळेत ढोल वाजवते. २६ जानेवारीला आम्ही सगळ्या बघायला जाणार आहोत.