चार आसनांची गाडी

मी राहते ठाण्याला, खोपटच्या एस.टी. स्थानकाजवळ. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत उमेद गेल्यामुळे असेल, पण भरणाऱ्या-सुटणाऱ्या गाड्या पाहिल्या की मला हिमोग्लोबिन आठवते.

हिमोग्लोबिन ही चार आसनांची गाडी. दोन अल्फा व दोन बीटा अशा चार प्रथिनसाखळ्या. प्रत्येकीत लोहाचा एक अणू आणि त्यावर प्राणवायूची एक जागा. फुप्फुसात पहिला प्रवासी बसला की गाडीचा आकार किंचित बदलतो आणि पुढच्यांना बसणे सोपे जाते. राबणाऱ्या स्नायूंजवळ आम्लता वाढलेली असते. तेथे प्रवासी भराभर उतरतात. स्नायूंतले मायोग्लोबिन हे एका आसनाचे प्रथिन त्यांना सामावून घेते. पेरुट्झ आणि केंड्रू यांनी या दोन प्रथिनांची रचना उलगडली, त्याबद्दल त्यांना १९६२ चे नोबेल मिळाले.

पण बीटा साखळी नीट तयारच झाली नाही तर? तो बीटा थॅलेसेमिया. गर्भात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते, म्हणून बाळ जन्मतः चांगले दिसते आणि काही महिन्यांनी फिके पडू लागते. मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त भरायचे, आणि त्यातून साठणारे लोह काढायला औषधे घ्यायची. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी समाजात हा दोष अधिक आढळतो; पण तो कोणत्याही समाजात असू शकतो.

एकदा एक आई बाळाला घेऊन आली. म्हणाली, "ताई, लोहाचं औषध चालू आहे, पण रंगच येत नाही." दोष लोहाचा नव्हताच. आईवडील दोघे धडधाकट, आणि दोघेही वाहक! पुढच्या खेपेला ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. बहिणीचे लग्न ठरत होते. घरातली वडीलधारी म्हणत होती, "तपासणी कशाला? सोयरीक मोडेल." बहीण वाहक निघाली. तिने स्वतःच मुलाला सांगितले, त्यानेही तपासून घेतले. तो वाहक नव्हता. लग्न झाले.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका २५ टक्के; एकच असेल तर हा आजार होत नाही. ए-टू हिमोग्लोबिनची ही चाचणी आयुष्यात सहसा एकदाच करावी लागते. पत्रिका पाहता, तेव्हा एवढा कागदही पाहा.