वेतनाच्या वाटाघाटी आणि स्त्री-कामगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



स्त्रियांना कमी वेतन का मिळते, या प्रश्नाला हल्ली एक सोपे उत्तर दिले जाते : त्या मागत नाहीत, त्यांना मागायला शिकवा! हे अर्धसत्य आहे. मागणे शिकावे लागते, हे खरेच. परंतु ज्याला उद्याची चूल पेटवायची आहे, त्याला थांबता येत नाही; आणि ज्याला थांबता येत नाही, त्याला घासाघीस करता येत नाही. म्हणूनच एकटीने मालकापुढे केलेली विनंती आणि संघटित स्त्रियांनी हिशेबासह मांडलेली मागणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

कायदा आहेच. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ मध्ये निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच तत्त्वाचा समावेश पुढे २०१९ च्या वेतनसंहितेत झाला. परंतु कायदा राबवून घ्यावा लागतो. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्त्री-लघुलेखिकांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळत असे. त्यांच्यापैकी एकीने दाद मागितली, तेव्हा कंपनीने बचावासाठी पुढे केला तो कामगार संघटनेशी झालेला करार! सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये हा बचाव फेटाळला आणि आर्थिक अडचणीची सबबही मानली नाही. निकाल स्वागतार्ह होता. पण त्या विषमतेवर मालकाबरोबर संघटनेचीही सही होती, हे आपण विसरता कामा नये.

केरळातील मुन्नारच्या चहामळ्यांचा धडा याहून बोलका आहे. २०१५ च्या सप्टेंबरात व्यवस्थापनाने बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला. पाने खुडणाऱ्या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. प्रस्थापित संघटनांच्या पुरुष नेत्यांना त्यांनी दूर ठेवले आणि आपल्या एकजुटीला ‘पेंपिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकी, हे नाव दिले. नऊ दिवसांनी बोनस व सानुग्रह रक्कम मिळून २० टक्के पदरात पडले. या वाटाघाटींत त्या स्वतः होत्या. रोजच्या मजुरीचा प्रश्न मात्र मळे-कामगार समितीकडे गेला. तेथे मान्यताप्राप्त संघटना बसत. या नव्या एकजुटीला स्थान नव्हते. मागणी होती २३२ रुपयांवरून ५०० ची, मिळाले ३०१. या तफावतीला इतर कारणेही असतील. परंतु ज्यांच्या घामाचा भाव ठरतो, त्यांनाच बोलणीतून वगळावे, याचे समर्थन कोणत्या समाजवादात बसते?

आता आपल्याकडे पाहू. मोर्चात स्त्रिया पुढे, घोषणा देताना पुढे, अटक करून घेतानाही पुढे. वाटाघाटींच्या वेळी मात्र ‘ताई, तुम्ही बाहेर थांबा, आम्ही बोलून येतो’! हे बदलले पाहिजे. मस्टर, पगारपत्रक, महागाईभत्ता, बोनसचा हिशेब हे सारे स्त्री-कामगारांना वाचता आले पाहिजे. त्यासाठी अभ्यासवर्ग घ्या. मागण्यांचा मसुदा त्यांच्या बैठकीत तयार होऊ द्या. बोलणी करणाऱ्या समितीत त्यांचे प्रतिनिधित्व सभासदसंख्येच्या प्रमाणात असावे आणि त्यांच्या संमतीविना कोणत्याही करारावर सही होऊ नये.

स्त्रियांना मागायला शिकवू, असे आपण म्हणतो. मुन्नारच्या स्त्रियांना ते कोणी शिकवले नव्हते. शिकायचे आहे ते आपल्याला : खुर्ची रिकामी करायला.