वाजंत्री कोणाची, मत कोणाचें?
(खानदेशांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



श्रावणांत नागपंचमीनंतरच्या रविवारीं आपल्या खानदेशांत कानबाई बसते. भाऊबंद एकत्र जमतात, घरच्या माणसांच्या हिशेबानें रोटांचा गहूं दळला जातो, बायका रात्रभर अहिराणींत गाणीं म्हणतात आणि सोमवारीं आई नदीला जाते. या साऱ्यांत मधला दलाल कोठें दिसतो काय? देवी आपली, धान्य आपलें, गाणें आपलें. म्हणून त्या दिवशीं आपण कोणाचे मिंधे नसतों. आज हीच गोष्ट आम्ही आपल्यापुढें मांडणार आहों.

जोतीराव फुल्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, तो देव आणि माणूस यांमधला दलाल काढण्यासाठींच. त्याच वर्षीं डिसेंबरांत भटावांचून पहिलें लग्न लागलें. पण नुसत्या व्याख्यानानें कुणब्याचें मन वळत नाहीं, हें पुढच्या सत्यशोधकांनीं ओळखलें. त्यांनीं तमाशाची घडण उचलली आणि जलसा उभा केला. ढोलकी तीच, पण वगांत राजाऐवजीं कर्जांत बुडालेला शेतकरी आला, सावकार आला, मुहूर्त सांगून दक्षिणा उकळणारा जोशी आला. लोक हंसले, आणि हंसतां हंसतां शहाणे झाले.

धर्माचें काम वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. १९३७-३८ च्या सुमारास पश्चिम खानदेशांत, आतांच्या नंदुरबार जिल्ह्यांतील तळोद्याकडे, गुलाम महाराजांनीं भिल्ल बांधवांना आरतीस जमविलें, दारू सोडावयास लावली, एकमेकांस 'आप' म्हणावयास शिकविलें. ज्यास सारें जग अरेतुरे करी, त्यास स्वतःची किंमत कळली. मे १९४७ मध्यें साने गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले, तेव्हां विठोबाचें दार अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांस उघडलें. गुरुजी अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते, जन्मानें ब्राह्मण. आमचें भांडण जन्माशीं नाहीं, उच्चनीचतेशीं आहे, तें यावरून समजावें.

राजकारणहि तसेंच. डिसेंबर १९३६ मध्यें फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. तेथें शेतसारा, खंड आणि कर्ज यांचा विचार झाला. राजकारण बांधापर्यंत आलें, म्हणून तें आपलें वाटलें.

आतां आजचें पहा. उत्सवाचे कर्णे कोणाच्या पैशाचे? निवडणुकीस उभें राहणाऱ्याच्या. तमाशाची सुपारी कोण देतो? तोच. कीर्तनाच्या मांडवावर फोटो कोणाचा? त्याचाच, आणि तोहि देवाच्या मूर्तीहून मोठा! आपलें पोरगें रात्रभर डीजेपुढें नाचतें, मोबाइलवर दुसऱ्या धर्मास दिलेल्या शिव्या पुढें पाठवितें, आणि सकाळीं कापसाच्या मापांत घट किती धरली हें विचारावयास त्याच्या अंगांत त्राण उरत नाहीं. केळीची बाग वाऱ्यानें आडवी झाली, विम्याचे पैसे अडले, तर दाद मागावी कोणाकडे? ज्याच्या वाजंत्रीवर नाचलों, त्यास जाब विचारतांना जीभ अडखळते. फुकटाच्या तमाशाची किंमत ती हीच.

सबब आमचें सांगणें थोडकें आहे. गांवचा उत्सव गांवच्या वर्गणीनें करा. लहान झाला तरी चालेल. वर्गणीचा हिशेब चावडीवर सर्वांदेखत वाचा, आयाबहिणींनाहि ऐकवा. उमेदवाराचा फलक मांडवांत लावूं नका. कोणी धर्माच्या नांवानें हांक मारली, तर त्यास एवढेंच विचारा: यानें कोणाच्या घरची दारू सुटली, कोणास बंद असलेलें दार उघडलें, कोणाचें कर्ज हलकें झालें? आणि वर्षांत एक तरी वग असा बसवा कीं त्यांत कापसाचा काटा, बियाण्याचें दुकान आणि लेकीच्या लग्नासाठीं काढलेलें कर्ज यांची गोष्ट असेल. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांचीं पोरें त्यांत पुढें असूं द्या.

कानबाईचे रोट आपण दुसऱ्याच्या पिठाचे करीत नाहीं. मग मत तरी दुसऱ्याच्या ढोलावर कां द्यावें?